गडांपासून महालांपर्यंत : लुआरच्या खोऱ्यात गाडीने, मुलाबाळांसह

फ्रेंच भाषेत 'शातो' हा एकच शब्द तटबुरुजांच्या किल्ल्यालाही वापरतात आणि राजाने शिकारीच्या हौसेपायी बांधलेल्या महालालाही. आपण मराठी माणसं फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात 'किल्ले' पाहायला म्हणून जातो. डोळ्यांसमोर राजगड असतो, जंजिरा असतो, आणि गाडीतून उतरल्यावर समोर येतात रुंद खिडक्या, नक्षीदार धुराडी आणि कातरलेली हिरवळ. 'आई, यावर हल्ला झाला तर हे लोक लढणार कुठून?' हा प्रश्न माझ्या दहा वर्षांच्या मुलाने शाँबोर या महालाच्या पुढ्यात विचारला. तो अगदी रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण सगळ्यात प्रसिद्ध म्हणून आम्ही शाँबोरपासूनच सुरुवात केली होती.

दुसऱ्या खेपेला सासूबाई सोबत होत्या. तेव्हा आम्ही क्रम बदलला. आधी अकराव्या शतकातला गड, मग अर्धा गड अर्धा महाल, मग निव्वळ महाल. त्या खेपेला मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. भिंती पातळ होत गेल्या आणि खिडक्या मोठ्या होत गेल्या, हे त्यांनीच मला दाखवलं. म्हणून या लेखातली सहल त्याच क्रमाने आखली आहे.

कधी आणि किती दिवस

आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी इथे चांगली जुळते. मेच्या शेवटी गुलाब फुललेले असतात, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते. सप्टेंबरही उत्तम. मे महिन्यात एकच सांभाळायचं. १ आणि ८ मे या सार्वजनिक सुट्ट्या आहेत, येशूच्या पुनरुत्थानानंतरचा स्वर्गारोहणाचा गुरुवारही बहुतेक वेळा मेमध्येच येतो, आणि फ्रेंच लोक मधला दिवस जोडून लांब सुट्टी घेतात. त्या दिवसांचा मुक्काम खूप आधी ठरवावा. ऑगस्टमधल्या शनिवारी मात्र हायवेवर जाऊच नये. रस्त्यांच्या गर्दीचा सरकारी अंदाज 'बिझाँ फ्युते' या नावाने निघतो. त्यात दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे रंग दिलेले असतात. काळ्या दिवशी गाडी अंगणातच बरी.

पॅरिस वगळून सहा रात्री धरा. शेवटी गेदलाँ (जुन्या पद्धतीने नव्याने बांधला जाणारा किल्ला) जोडणार असाल तर सात.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर वेळा मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. गाडी भाड्याने घेणार असलात तरी प्रत्येक रात्रीचा पत्ता अर्जात दाखवावा लागतो. एकाच घरात पाच रात्री राहिलात तर हे कामही सोपं होतं.

गाडी चालवणाऱ्याने आपल्या आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्यावं. ते एक वर्ष चालतं. ते मूळ लायसन्सचं भाषांतर आहे, पर्याय नव्हे. म्हणून मूळ लायसन्स सोबत हवंच. चालवणारे दोघं असतील तर दोघांचंही काढा आणि दुसऱ्याचं नाव भाडेकरारात लिहून घ्या.

गाडी घेताना

पॅरिसमध्ये गाडी घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. लांबच्या विमानप्रवासानंतर, झोप अर्धवट असताना, अनोळखी बाजूने पॅरिसच्या रिंगरोडवर शिरणं कुटुंबासाठी धोक्याचं आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे सव्वा तासाच्या आत सां-पिएर-दे-कोरला पोहोचते. हे तूर शहराचं मोठ्या गाड्यांचं स्टेशन. शार्ल द गोल विमानतळाच्या आतल्या स्टेशनवरूनही तिकडे थेट टीजीव्ही आहेत. गाडी इथे, स्टेशनाशेजारी घ्यावी. बाहेर पडल्यावर वीस मिनिटांत शेतं लागतात आणि चुकायला मोकळा रस्ता मिळतो.

बुकिंग करताना 'ऑटोमॅटिक' असं स्पष्ट निवडा. तिथे गिअरच्या गाड्याच जास्त असतात, आणि उजव्या हाताने गिअर टाकत उजव्या बाजूने चालणं अशा दोन नव्या गोष्टी एकदम नकोत. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवली जाते आणि ते कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं असावं लागतं. आमचं कार्ड माझ्या नावाचं आणि करार नवऱ्याच्या नावाचा होता; काउंटरवर तासभर गेला आणि शेवटी सगळा प्रवास मीच गाडी चालवली. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, चाकांचे आणि छताचे फोटो काढा. डिकीत धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट आहे ना, तेही पाहा. दोन्ही कायद्याने लागतात, आणि जाकीट गाडीबाहेर पडण्याआधीच अंगात घालता यावं म्हणून ते आत, हाताशी ठेवायचं.

दहा वर्षांखालच्या मुलांनी मागेच बसायचं आणि त्यांच्या वजना-उंचीच्या सीटमध्येच बसायचं. मांडीवर घेणं चालत नाही. सीटचं रोजचं भाडं जोडलं तर मोठ्या मुलाचं साधं बूस्टर तिथल्या सुपरमार्केटमध्ये विकत घेणं स्वस्त पडतं.

रस्त्यावर

उजवीकडून चालायची सवय अर्ध्या तासात होते. चूक होते ती डावीकडे वळताना, आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर 'उजवी बाजू' असं मोठ्याने म्हणावं. आम्ही हे काम मुलांना दिलं होतं आणि त्यांनी ते चोख केलं.

वेगाची मर्यादा हायवेवर १३० आणि पावसात ११०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ११०, साध्या ग्रामीण रस्त्यावर ८० (काही जिल्ह्यांत ९०) आणि वस्तीत ५०. वस्तीत ५० ची वेगळी पाटी शोधू नका. लाल कडेची, गावाचं नाव असलेली पाटी हीच ५० ची पाटी. त्याच नावावर तिरकी रेघ दिसली की गाव संपलं. नव्या माणसाला दंड होतो तो बहुधा इथेच, आणि भाड्याच्या गाडीचा दंड महिन्या-दोन महिन्यांनी घरपोच येतो, वर कंपनीचं शुल्कही लागतं.

सगळ्यात नीट समजून घ्यायचा नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. गावातल्या चौकात कोणतीही पाटी नसेल तर उजव्या बोळातून येणाऱ्या ट्रॅक्टरलाही आधी जाऊ द्यायचं, तुमचा रस्ता कितीही रुंद असला तरी. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा दिसला तर हक्क तुमचा. त्यावर काळी रेघ आली की तो संपला. राउंडअबाउटमध्ये मात्र आत असलेल्याचा हक्क असतो, आणि तुम्ही आत शिरताना डावीकडून येणाऱ्यांसाठी थांबायचं. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर आणखी एक फेरी मारा, अचानक वळू नका.

टोलनाक्यावर हिरवा बाण किंवा कार्डाचं चित्र असलेल्या रांगेत जा. फक्त नारिंगी 'टी' असलेली रांग टॅग लावलेल्या गाड्यांची आहे. आत शिरताना मिळालेलं तिकीट हरवलं तर जास्तीत जास्त अंतराचे पैसे भरावे लागतात. खरं तर लुआरच्या खोऱ्यात टोलच्या रस्त्याची फारशी गरज पडत नाही. नकाशात 'टोल टाळा' निवडलं की द्राक्षमळ्यांतून आणि पांढऱ्या दगडांच्या गावांमधून रस्ता मिळतो, आणि वेळात दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडतो.

पंपावर 'गाझोल' लिहिलेलं असतं ते डिझेल. गॅसोलिन समजून पेट्रोलच्या गाडीत ते भरणारे प्रवासी दरवर्षी निघतात. पेट्रोलसाठी 'एसपी ९५' किंवा 'एसपी ९८' पाहा. सुपरमार्केटचे पंप स्वस्त असतात, पण रविवारी तिथे माणूस नसतो आणि यंत्र आपलं कार्ड नाकारू शकतं. टाकी शनिवारीच भरून ठेवावी. तातडीची मदत लागली तर ११२ ला फोन करा.

घर आणि स्वयंपाक

हॉटेल रोज बदलण्यापेक्षा एकच 'झीत' घ्या, म्हणजे खेड्यातलं भाड्याचं घर. आंब्वाज आणि शनाँसो या गावांच्या दरम्यानचा भाग मला सगळ्यात सोयीचा वाटला, कारण या सहलीतलं बहुतेक काही तिथून तासाभराच्या आत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये झीत शनिवार ते शनिवारच देतात. मे-सप्टेंबरमध्ये कमी रात्रींसाठीही मिळतं. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात धरली आहे का, ते आधी विचारा.

शेगडी बहुतेक ठिकाणी इंडक्शनची असते. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला तीन लिटरचा कुकर नेलात तर वरण-भाताची चिंता मिटते. तांदूळ, डाळ, रवा, मसाले, मेतकूट नेता येतं. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. ताजा कढीपत्ताही घरीच ठेवा. तिथलं लोणी इतकं चांगलं असतं की सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ते कढवून तूप केलं.

बाहेर जेवायची वेळ ठरलेली आहे. दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. खेड्यात दुपारी सव्वादोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि भुकेल्या मुलांपुढे इलाज नसतो. म्हणून सकाळी बेकरीतून 'बागेत' म्हणजे लांब फ्रेंच पाव, बाजारातून चीज आणि फळं घ्या, आणि डबा सोबत ठेवा. रस्त्याकडेला सहलीची बाकडी जागोजागी असतात. दुकानात, बेकरीत, तिकीटखिडकीवर पहिला शब्द 'बाँझूर' हवा. तो न म्हणता थेट काम सांगणं तिथे उद्धटपणा समजतात. तो म्हटला की अर्धी कामं सोपी होतात. हॉटेलात 'युन काराफ दो' म्हटलं की नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं.

शाकाहारी मंडळींनी 'लार्दाँ' हा शब्द पाठ करावा. डुकराच्या मांसाचे हे बारीक तुकडे सॅलडात, कीशमध्ये, कुठेही असतात. 'साँ व्हियांद, साँ प्वासाँ, साँ लार्दाँ', म्हणजे मांस नको, मासे नकोत, लार्दाँ नको. गरम केलेल्या शेळीच्या चीजचं सॅलड आणि कुट्टूच्या पिठाचं गॅलेत हे दोन हमखास मिळणारे पदार्थ. या भागाची खासियत आहे 'फुए'. भट्टीत टम्म फुगलेली छोटी भाकरीच ती. चिरून आत पांढऱ्या घेवड्याची उसळ किंवा चीज भरतात. मुलांनी एका बैठकीत पाच-पाच खाल्ल्या. शेळीच्या चीजमध्ये मधोमध गवताची काडी असलेलं सँत-मोर-द-तुरेन आणि कापलेल्या पिरॅमिडच्या आकाराचं व्हालाँसे ही दोन बाजारात शोधा.

आता वाट, क्रमाने

पहिल्या दिवशी फक्त गाडी, किराणा आणि झोप.

दुसऱ्या दिवशी लोश. इथला बालेकिल्ला अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात आंजू प्रांताचा सरदार फुल्क नेरा याने उभारला. तो सुमारे ३६ मीटर उंच आहे. मजले पडून गेले आहेत, आत उभं राहून वर पाहिलं की चारही भिंती आभाळापर्यंत जातात. भिंतींची जाडी, फटीएवढ्या खिडक्या, उंचावरचं प्रवेशद्वार हे सगळं आपल्या मुलांना लगेच कळतं, कारण त्यांनी आपले गड पाहिलेले असतात. पुढे हा तुरुंग झाला. मिलानचा ड्यूक लुदोव्हिको स्फोर्झा याने कोठडीच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं अजून दिसतात. दुपारी जवळच्या शेदिन्यी गावात जा. या गावात गल्लोगल्ली गुलाब लावले आहेत आणि २०१३ साली संपूर्ण गावालाच 'उल्लेखनीय उद्यान' हा सरकारी दर्जा मिळाला. सासूबाई तिथे दोन तास बाकावर बसून होत्या आणि कोणालाच निघायची घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी लाँजे. क्रमाचं महत्त्व पटवणारी ही जागा. रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर जाड बुरूज, जंग्या आणि खरोखर उचलला जाणारा झुलता पूल. अंगणात शिरून मागे वळून पाहा : तीच इमारत, पण मोठ्या खिडक्यांचं राहतं घर. अकराव्या लुईने हे बांधकाम १४६५ साली सुरू केलं, म्हणजे इंग्लंडशी चाललेलं शंभर वर्षांचं युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. भीती पुरती गेली नव्हती, पण उजेड हवासा वाटू लागला होता. आठवा शार्ल आणि ब्रिटनीची ॲन यांचं लग्न १४९१ साली इथेच लागलं. हाच शार्ल पुढे इटलीवर स्वारीला गेला आणि येताना तिथले कारागीर आणि बागकाम करणारे घेऊन आला. लुआरकाठचे महाल त्यानंतर बहरले.

दुपारी व्हिलाँद्रीची बाग, तिथून पाव तासावर. आजची बाग विसाव्या शतकातली आहे. स्पेनमध्ये जन्मलेले योआकिम कार्व्हालो यांनी १९०६ साली हा शातो घेतला आणि जुन्या धर्तीवर बाग पुन्हा उभी केली. नऊ चौकोनांत कोबी, बीट, भोपळे असे लावलेत की दुरून गालिचा वाटतो. मुलांसाठी भूलभुलैया आणि खेळायची जागा आहे. आझे-ल-रिदोही याच बाजूला, आंद्र नदीतल्या बेटावर आहे. ते याच दिवशी उरकायचा मोह होईल. दिवसाला एक मोठं आणि एक छोटं, याच्या पुढे जाऊ नका. तिसऱ्या ठिकाणी मुलांना फक्त जिने आठवतात.

चौथा दिवस आंब्वाजमध्ये, पायी. हा दिवस रविवारी येईल असं पाहा, कारण रविवारी सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो. शातोच्या छोट्या चॅपेलमध्ये लिओनार्दो दा विंचीची समाधी आहे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या बोलावण्यावरून तो १५१६ साली इथे आला आणि २ मे १५१९ ला जवळच्याच क्लो ल्युसे या घरात वारला. क्लो ल्युसेच्या बागेत त्याच्या चित्रांवरून बनवलेली मोठी यंत्रं आहेत आणि त्यांतली बरीच मुलांना हाताने फिरवता येतात. तीन तास धरूनच चाला. लुआर नदी उथळ, शांत, वाळूच्या बेटांची दिसते. पण वाळू पायाखालून सरकते आणि प्रवाह ओढतो. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

पाचव्या दिवशी शनाँसो, आणि दार उघडायच्या वेळी. दहाच्या पुढे बसेस येतात. जीपीएसवर गोंधळू नका : गावाच्या नावाच्या शेवटी 'एक्स' आहे, शातोच्या नावात नाही, उच्चार एकच. शेर नदीवर कमानी टाकून बांधलेला हा महाल आहे. राजा दुसरा आंरी याची प्रेयसी दियान द प्वातिए हिने पूल बांधून घेतला आणि तिच्याकडून शातो काढून घेतल्यावर राणी कातरिन द मेदिचीने त्यावर ६० मीटर लांबीचं दालन उभारलं. पहिल्या महायुद्धात या दालनात जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशातली सीमा झाली. दालनाचं एक टोक इकडे, एक तिकडे. त्यातून माणसं निसटून पलीकडे गेली. मुलाने त्या दारातून तीनदा ये-जा केली. खालचं, पुलाच्या खांबांमधलं स्वयंपाकघर घरातल्या मोठ्यांना आवडेल. दुपार मोकळी ठेवा. हवामान चांगलं असेल तर शेर नदीत भाड्याची कनू (वल्ह्यांची छोटी होडी) घेऊन कमानींखालून जाता येतं.

सहाव्या दिवशी ब्लुआ आणि शाँबोर. ब्लुआच्या शातोच्या एकाच चौकात चार काळांच्या इमारती आहेत. आतापर्यंत पाहिलेलं सगळं इथे एका फेरीत पुन्हा ओळखता येतं. दुपारी शाँबोर. १५१९ साली सुरू झालेला हा राजाचा शिकारीचा महाल. मधोमध एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत : एकातून चढणाऱ्याला दुसऱ्यातून उतरणारा दिसतो, पण दोघं एकमेकांना भेटत नाहीत. कल्पना लिओनार्दोची असावी असं मानतात. मुलांना एका जिन्यात आणि स्वतःला दुसऱ्यात असं चढा. भोवतीच्या रानाला ३२ किलोमीटरची भिंत आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातली चित्रं सुरक्षित राहावीत म्हणून इथे आणून ठेवली होती.

या वेळी मुलाने विचारलं नाही की लढणार कुठून. तो म्हणाला, 'इथे कोणी लढणारच नव्हतं, म्हणून एवढ्या खिडक्या आहेत.'

तिकिटांबद्दल थोडक्यात. शाँबोर आणि आझे-ल-रिदो इथे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण खासगी मालकीच्या शनाँसो, व्हिलाँद्री, क्लो ल्युसे इथे मुलांचंही तिकीट लागतं. काही सरकारी स्मारकांत युरोपबाहेरच्या पाहुण्यांना वेगळा दर असतो, तेव्हा आरक्षण त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. ब्लुआ आणि शाँबोरमध्ये हिस्टोपॅड नावाचा टॅबलेट मिळतो, त्यात रिकाम्या दालनांचं जुनं रूप दिसतं. बाबागाडी आतमध्ये बहुतेक ठिकाणी अडचणच होते. तान्ह्या बाळासाठी झोळी किंवा कॅरिअर न्या. गुडघे दुखणाऱ्यांनी लोशचा बालेकिल्ला खालूनच पाहावा.

एक रात्र जास्त असेल तर

ब्लुआहून पूर्वेला सुमारे अडीच तासांवर, बर्गंडीच्या जंगलात, गेदलाँ आहे. १९९७ पासून इथे तेराव्या शतकातला किल्ला नव्याने बांधला जातोय, त्या काळच्याच हत्यारांनी आणि पद्धतींनी. दगड शेजारच्या खाणीतला, लाकूड भोवतालच्या रानातलं, माणूस मोठ्या लाकडी चक्रात चालतो आणि त्याच्या पावलांवर दगड वर चढतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना इथून बाहेर काढणं कठीण जातं. आमची दोघं गवंड्यापाशी तासभर उभी होती. त्याने हातांनी खुणा करून कमान आधी लाकडी साच्यावर कशी रचतात आणि साचा नंतर कसा काढतात ते दाखवलं. त्या वर्षीच्या दिवाळीच्या किल्ल्याला पहिल्यांदा विटांच्या तुकड्यांची, साचा काढल्यावरही उभी राहणारी कमान होती.

हिवाळ्यात आणि आठवड्यातले काही दिवस गेदलाँ बंद असतं, तेव्हा तारीख पाहूनच मुक्काम ठरवा. पाऊस झाला असेल तर चिखल असतो, जुने बूट घाला. इथून पॅरिस साधारण दोन-अडीच तास. गाडी शहरात न नेता विमानतळावर परत करा, टाकी अलीकडच्या सुपरमार्केटमध्ये भरून घ्या आणि पंपाची पावती विमानात बसेपर्यंत जपून ठेवा.